कमानीला घण नको, घरी केलेला पुलर हवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

हे पत्र ट्रकच्या कमानींविषयी, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगांविषयी आहे. आपल्या पानावर हा विषय सहसा येत नाही. पण इंदुरातल्या मराठी घरांत गाड्या बाळगणारे, ट्रान्सपोर्टचे ऑफिस चालवणारे, आयटीआयत आणि कॉलेजात शिकवणारे लोक बरेच आहेत. धुळे, जळगाव, नाशिककडचे गाडीमालकही आग्रा-मुंबई रस्त्याने रोज इथे येतात. या सगळ्यांपर्यंत एकदम पोहोचायला मला दुसरी जागा सुचली नाही. पत्र लांबेल. कापावेच लागले तर माझे बोलणे कापा, मापे ठेवा, एवढी विनंती.

मी टर्नर आहे. लोहामंडीच्या बाजूला माझे दुकान आहे, त्यात एक लांब लेथ, एक आखूड लेथ आणि एक ड्रिल. कामाचा मोठा भाग ट्रकखालचा असतो: शॅकल, कमानीच्या पिना, बुश, किंग पिन, टॉर्क रॉड. नवे भाग बाजारात तयार मिळतात, त्यासाठी माझ्याकडे कोणी येत नाही. माझ्याकडे येते ते जुना भाग काढताना बिघडलेले. हँगर ब्रॅकेटचे भोक लांबट झालेले, कानीला चीर गेलेली, शॅकलचा एक पाय वाकलेला. रस्त्याने खराब केलेले भाग मी कमी पाहतो, ते काढताना माणसाने खराब केलेले जास्त. हे थांबवता येते आणि त्याला परदेशी यंत्र लागत नाही. देवास नाका आणि ट्रान्सपोर्टनगरच्या प्रत्येक गॅरेजने बुश आणि पिन काढायची-बसवायची हत्यारे स्वतः करून घ्यावीत, आणि ती धातू ओळखून, मापाने करावीत, हे सांगायला मी लिहितो आहे.

ज्यांनी ट्रकखाली कधी डोकावले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कमानीचा मुख्य पाटा टोकाला गुंडाळून त्याची कानी केलेली असते. कानीत बुश, म्हणजे नळीसारखे अस्तर, आणि बुशात पिन. एका टोकाची पिन हँगरमध्ये, म्हणजे चासीला लावलेल्या ब्रॅकेटमध्ये, पक्की असते. दुसऱ्या टोकाला शॅकल, म्हणजे झुलणारा दुवा, असतो, कारण भार आला की पाटा सरळ होऊन लांबतो आणि त्या लांबण्याला शॅकल झुलून जागा देतो. बुश गनमेटलचा असो, बायमेटलचा असो की रबराचा लोखंडी कवच असलेला, तो कानीत दाबून बसवलेला असतो. त्याचा बाहेरचा व्यास भोकापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनीच जास्त असतो, पण तेवढ्या फरकाला टनांत मोजावा असा जोर लागतो. त्यात पावसाळ्याचे पाणी शिरले, ग्रीस वेळेवर मारले नाही, की पिन बुशाला धरते, बुश कानीला धरतो आणि सगळे मिळून एक गोळा होतो.

अशा वेळी गॅरेजमध्ये दोन गोष्टी बाहेर निघतात, घण आणि गॅस.

गॅसने काय होते ते आधी सांगतो, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. कमानीचा पाटा साध्या लोखंडाचा नसतो. ईएन 45 किंवा त्याच्या जवळच्या जातीचे ते स्प्रिंग स्टील असते. त्यात अर्ध्या टक्क्याहून जास्त कार्बन आणि दीड-दोन टक्के सिलिकॉन असते. ते तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा मध्यम तापमानावर तापवून त्याला हवे तेवढेच पाणी, म्हणजे कडकपणा, ठेवतात. कमानीची सगळी ताकद त्या पाण्यात आहे. बुश सुटावा म्हणून कानीवर गॅसची ज्योत धरली आणि ती लाल झाली की तिथले पाणी उतरले. पाटा नव्यासारखाच दिसतो, रंग मारला की काळा कुळकुळीत होतो, पण कानी आता मऊ आहे. वेल्डिंगचे उलट होते. पाट्यावर नुसता आर्क लागला तरी तेवढी जागा झटकन तापून झटकन थंड होते, काचेसारखी ठिसूळ बनते आणि पुढची चीर तिथून निघते. मुख्य पाट्याची कानी तुटली की अ‍ॅक्सल एका बाजूने सरकतो, गाडी तिरकी धावते आणि उतारावर ब्रेक दाबताच एकीकडे ओढते. बिजासन घाट, गणेश घाट, भेरूघाट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथे गाडी एकीकडे ओढली तर समोर कोण येत असेल सांगता येत नाही. 2018 साली केंद्र सरकारने अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, चार टायरच्या एका अ‍ॅक्सलला 10.2 टनांऐवजी 11.5 टन. कमानीवरचा भार कायद्यानेच वाढलेला असताना त्याच कमानीला आपण गॅस लावतो आहोत.

घणाची गोष्ट वेगळी. घण मारला की पिनचे तोंड पसरते आणि पसरलेली पिन भोकातून जात नाही. मग आणखी मोठा घण येतो. हँगर ब्रॅकेट चासीला रिव्हेटने किंवा बोल्टने धरलेला असतो, तो प्रत्येक घावाला थोडा ढिला होतो. नवा बुश घणाने ठोकून बसवला तर तो आत जाताना फिरतो. हे बारीक वाटेल, पण माझ्या मते अर्धा रोग इथे आहे. कानीतून ग्रीस घेणाऱ्या बुशात ग्रीसचे भोक असते, ते ग्रीस येण्याच्या वाटेसमोरच यायला हवे. बुश थोडासा फिरला की भोक बंद. वरून ग्रीसगन कितीही दाबा, ग्रीस निपलपाशीच अडते आणि पिनपर्यंत पोहोचत नाही. काही महिन्यांत पिन पुन्हा धरते, गाडी पुन्हा त्याच गॅरेजमध्ये येते आणि पुन्हा घण निघतो. मालक म्हणतो, बुश हलका होता. तोडून काढलेले असे कितीतरी बुश मी टेबलावर ठेवून पाहिले आहेत. गनमेटल चांगले होते, भोक चुकलेले होते.

माझ्या थोरल्या भावाला आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा याच धंद्यात होते, गॅरेजमध्ये. पुढचे चाक जिच्यावर वळते ती किंग पिन निघत नव्हती म्हणून खालून एक जण घण मारत होता. अण्णांच्या हातात घण नव्हता, ते पलीकडून उजेड धरून उभे होते. किंग पिन वरून कडक केलेली असते, घणाचे तोंडही कडक. कडक लोखंडावर कडक लोखंड जोराने आदळले की टवका उडतो, आणि तो बंदुकीच्या छऱ्याच्या वेगाने जातो. अण्णांचा डावा डोळा त्याने गेला. आज ते माझ्या दुकानाचा हिशोब पाहतात, मापे बिनचूक लिहितात आणि दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक पोराला आधी पॉलीकार्बोनेटचा चष्मा लावायला लावतात. किंमत किरकोळ आहे, तेव्हा तो चष्मा कोणी विकत घेत नाही असे नाही. घेतात, आणि खिशात ठेवतात. गॅरेजमालकांनी याबाबतीत सक्त व्हावे, हे मी हात जोडून सांगतो.

आता हत्याराकडे येतो.

बुश काढायचा पुलर म्हणजे चार वस्तू: आटे पाडलेला एक दांडा, एक कप, एक गुटका आणि एक थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे नटाखाली दाब झेलून फिरणारे बेअरिंग. कप कानीच्या एका बाजूला टेकतो आणि त्याच्या पोटात बुश उतरतो. गुटका दुसऱ्या बाजूने बुशाला ढकलतो. दांडा सगळ्यांच्या मधून जातो आणि नट आवळला की दोन्ही बाजू जवळ येतात. घाव नाही, आवाज नाही, बुश सरळ रेषेत येतो. नवा बुशही त्याच दांड्याने ओढून बसवता येतो. खडूने खूण करून ग्रीसचे भोक समोर ठेवले तर ते तिथेच राहते, कारण बुशाला फिरवणारे काही नसते. बुश बसल्यावर त्याचे आतले भोक किंचित आवळते, म्हणून पिन घालण्यापूर्वी भोक मापात आणणारा रीमर फिरवावा. पिन हाताने सरकली पाहिजे.

गुटक्याचा व्यास कानीच्या भोकापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी ठेवावा. त्याची लांबी पाट्याच्या रुंदीपेक्षा दहा-पंधरा मिलिमीटर जास्त असावी, म्हणजे तो आरपार जाऊन बुशाला पूर्ण बाहेर घालवतो. कपाचे भोक बुशापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठे आणि खोली बुश पूर्ण मावेल एवढी. 80 मिमी रुंद पाट्याला दांडा 400 मिमी लागतो. गुटक्यासाठी तुटलेला अ‍ॅक्सल शाफ्ट उत्तम, फक्त तो वरून कडक असतो. आधी लाल करून राखेत गाडून रात्रभर थंड होऊ द्यावा, मग तो लेथवर कापला जातो. कपासाठी जाड सीमलेस पाईप घ्यावा. पाणी भरायचा पाईप घेऊ नये, त्याची शिवण उघडते.

सगळ्यात जास्त फसवणूक दांड्यात होते. सियागंज बाजारात आटे पाडलेला दांडा मीटरवर मिळतो, चकचकीत, जस्त चढवलेला. तो बहुतेक वेळा 4.6 दर्जाचा मऊ दांडा असतो; हा आकडा ताकदीचा. तसाच दिसणारा, तशाच आट्यांचा 8.8 दर्जाचा दांडाही असतो. दोन्ही 24 मिमीचे, दोन्हींच्या आट्यांत 3 मिमीचे अंतर. पण मऊ दांडा सुमारे साडेआठ टनांवर लांबायला लागतो आणि 8.8 चा दांडा सुमारे तेवीस टनांपर्यंत टिकतो. मिस्त्री किती जोर लावतो? दोन फुटी पान्याच्या टोकाला चाळीस किलोचा जोर दिला, आटे कोरडे असले, तर दांड्यावर सुमारे पाच टनांचा ताण येतो. आट्यांना मॉली ग्रीस लावले आणि नटाखाली थ्रस्ट बेअरिंग घातले तर तेवढ्याच जोरात दहा टनांहून जास्त मिळतात, कारण एरवी बहुतेक जोर नटाच्या घर्षणातच जातो. कोरड्या आट्यांच्या पाच टनांना मऊ दांडा कसाबसा चालतो, या दहा टनांना नाही. आणि कोरड्या आट्यांवर बुश हलला नाही की मिस्त्री पान्यात चार फुटी पाईप घालतो. जोर दुप्पट होतो आणि मऊ दांड्याची हद्द संपते. आधी आटे लांबतात, नट जाम होतो, मग दांडा तुटतो. तुटताना तो आपल्या सरळ रेषेत उडतो, आणि त्या रेषेत बहुतेक वेळा कोणीतरी वाकून बघत असते.

म्हणून मी सांगतो, सुटा दांडा घेऊच नका. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 उठवलेला लांब एचटी, म्हणजे जास्त ताण सोसणारा, बोल्ट घ्या. त्याचे आटे टोकापाशी थोडेच असतात, ते लेथवर हवे तेवढे पुढे वाढवता येतात. नटही त्याच दर्जाचा, 8.8 ला 8 आणि 10.9 ला 10 आकडा उठवलेला, आणि शक्यतो नेहमीपेक्षा दुप्पट उंचीचा. थ्रस्ट बेअरिंग विकत घ्यायची गरज नाही. किंग पिनचा संच बदलताना जुने थ्रस्ट बेअरिंग फेकून देतात. त्याच्या फिरण्याच्या वाटेवर खड्डे पडले नसतील तर आपल्या कामाला ते पुष्कळ मजबूत आहे, कारण पुढच्या अ‍ॅक्सलचा निम्मा भार त्याने खड्ड्यांतून वाहिलेला असतो. त्याचे भोक दांड्यापेक्षा मोठे असते, म्हणून मध्ये एक रिंग करून घालावी.

हे झाले बुशाचे. पिन काढायला हा पुलर चालत नाही, कारण भरीव पिनेतून दांडा जाणार कसा? काही पिनांच्या टोकाला ग्रीस निपलचे आटे असतात, काही लोक त्यात बोल्ट लावून ओढू पाहतात. ते आटे बारीक असतात, पहिल्या जोराला निघून येतात. पिनसाठी चौकट करावी लागते: दोन जाड प्लेटी, त्यांना जोडणारे दोन दांडे आणि मध्ये बुटका 20 टनी बॉटल जॅक. एक प्लेट हँगरच्या मागे कपासकट टेकवायची, जॅक दुसऱ्या प्लेटीवर रेटून पिनेला ढकलतो. प्लेट 50 मिमी जाड आणि 100 मिमी रुंद असावी, दांड्यांचे मध्य एकमेकांपासून 170 मिमीपेक्षा लांब नसावेत. दांडे 20 मिमीचे, 8.8 दर्जाचे घेतले तर दोघे मिळून बत्तीस टनांपर्यंत टिकतात, म्हणजे जॅक दमला तरी दांडा दमत नाही. तेच दांडे 4.6 चे असतील तर बारा टनांतच लांबू लागतात. जॅकवर मात्र 20 टन लिहिलेले असते आणि मिस्त्री त्या आकड्यावर विश्वास ठेवून पंप मारत राहतो. जॅक आडवा वापरायचा असेल तर पंपाची बाजू खाली ठेवावी, नाहीतर तो तेल न ओढता हवा ओढतो. जॅक लावण्यापूर्वी पिनचा लॉक बोल्ट निघाला आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे. अंधारात तो राहून जातो आणि सगळा जोर त्या एका बोल्टावर येतो.

वेल्डिंगची चौकट करू नये असे मी म्हणत नाही, पण ताण वेल्डवर येऊ देऊ नये. ताण दांड्यांनी आणि नटांनी वाहावा, वेल्डने फक्त जागेवर धरावे. आणि बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा चौकटीत कुठेही नको. जुन्या ब्रेक ड्रमचा तुकडा कापून प्लेट केलेली मी पाहिली आहे. बीड दाब सहन करते, वाकणे सहन करत नाही, आणि तुटण्याआधी इशारा देत नाही.

जोर चढलेला असताना पिन हलत नसेल तर घाई करू नये. हँगरच्या बाजूवर तांब्याच्या किंवा पितळेच्या हातोडीने दोन-चार ठोके द्यावेत, गंज सुटतो. तेव्हा जॅकच्या आणि दांड्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये, आणि चौकट साखळीने चासीला बांधलेली असावी. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवले असेल तर निम्मे काम झालेले असते. मालकाने गाडी संध्याकाळी आणून उभी करावी आणि मिस्त्रीला रात्रभराचा वेळ द्यावा.

कमान खोलून पाटे बदलताना सेंटर बोल्टचा धोका अनेकांना कळत नाही. पाट्यांची वाकणे वेगवेगळी असतात आणि सेंटर बोल्टने ती बळजबरीने एकत्र धरलेली असतात. नट सुटला की पाटे उसळून उघडतात, बोटे मध्ये असतील तर जातात. दोन सी-क्लँप आधी लावावेत. नाहीतर सेंटर बोल्टच्या जागी पूर्ण आट्यांचा लांब बोल्ट घालून नट हळूहळू सोडत जावा. हा लांब बोल्ट प्रत्येक कमानीवाल्याकडे असायला हवा. करायला सोपा आहे, माझ्याकडे कोणी मागितला तर मी मजुरी घेत नाही. कमानीला अ‍ॅक्सलशी बांधणाऱ्या यू-बोल्टबद्दल एकच सांगतो. काढलेला यू-बोल्ट पुन्हा लावू नये, तो एकदा ताणलेला असतो. आणि नवा लावल्यावर भरल्या गाडीची पहिली खेप झाली की तो पुन्हा आवळावा.

गाडी उचलण्याविषयी एक गोष्ट आपल्या माळव्याची. पावसाळ्यात काळी माती वरून कोरडी दिसते आणि आत लोण्यासारखी असते. बॉटल जॅकचा तळ तळहाताएवढा. तो एका बाजूने खचला की गाडी सरकते. जॅकखाली फूटभर रुंदीची जाड लोखंडी प्लेट ठेवावी, चाकांना दोन्हीकडून उटी, म्हणजे पाचर, लावावी, आणि गाडीचा भार जॅकवर न ठेवता घोडीवर उतरवावा. विटा रचून घोडी करतात, ते थांबवा. वीट न सांगता फुटते.

देवास नाक्यावर एक वयस्कर उस्ताद आहेत. त्यांचे नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्यांच्या शेडमध्ये एका भिंतीला खिळ्यांवर पुलर टांगलेले आहेत. प्रत्येक कपावर पाट्याची रुंदी आणि बुशाचा व्यास पंचने उठवलेला आहे, टाटाचा संच निळा, लेलँडचा पिवळा, आयशरचा हिरवा. त्यांनी मला पहिल्यांदा कप करायला सांगितला तेव्हा फरशीवर खडूने आकृती काढली, तिन्ही बाजूंनी, अगदी बरोबर, आणि गोलाईला त्रिज्या लिहिली. इंजिनिअर लोकही घाईत त्रिज्या लिहायला विसरतात. त्यांच्या शेडमध्ये घण आहे, पण तो दाराला टेकण म्हणून. त्यांच्या हाताखालची पोरे चष्मा लावतात. त्यांच्याकडे गाडीला एक दिवस जास्त लागतो असे लोक म्हणतात. मी त्यांच्याकडून परत आलेली कमान पाहिलेली नाही.

माझी काळजी वेगळीच आहे. हे सगळे त्यांच्या हातात आहे आणि त्या भिंतीवर आहे, कागदावर काहीच नाही. कंपन्यांच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक मॉडेलची खास हत्यारे पेटीत असतात आणि ती त्या मॉडेलपुरती चांगली असतात. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मात्र सकाळी टाटा येते, दुपारी लेलँड आणि संध्याकाळी भारतबेंझ, तिथे अशा दहा पेट्या कोण घेणार? म्हणून अशा उस्तादांनी आयुष्यभर जुळवलेली मापे हीच आपली पेटी आहे. ती लिहून काढली नाहीत तर नवा मिस्त्री पुन्हा घणापासून सुरुवात करील.

इथे मला आयटीआयतल्या शिक्षकांना विनंती करायची आहे. फिटरचा कोर्स दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. फिटरची मुले महिनोन्‌महिने कानस घेऊन चौकोन घासतात, एकात एक बसणारे तुकडे करतात. हाताला वळण लागायला ते हवेच. पण त्यातला एक जॉब तरी बुश पुलरचा असू द्या. त्यात मापन आहे, लेथ आहे, ड्रिल आहे, आटे आहेत, धातूची ओळख आहे. फिटरच्या मुलाने पुलर करावा, डिझेल मेकॅनिकच्या मुलाने तो खऱ्या कमानीवर वापरून दाखवावा, आणि कोर्स संपताना तो त्याने आपल्याबरोबर घेऊन जावा. घासलेला चौकोन कपाटात गंजतो. पुलर घेऊन गॅरेजमध्ये नोकरी मागायला गेलेल्या मुलाला उस्ताद पहिल्या दिवशीच जवळ बसवतील.

इंजिनिअरिंग कॉलेजांनाही एक मागणे आहे. श्री गोविंदराम सेकसरिया संस्था आपल्या गावात 1952 पासून आहे, आणि आता तर कॉलेजे पुष्कळ झाली. मेकॅनिकलच्या प्रयोगशाळेत धातू ओढून तोडायचे यंत्र असते. महिन्यातून एखादी दुपार गॅरेजवाल्यांसाठी ठेवा. त्यांनी आपल्या दांड्याचा तुकडा आणावा, तुम्ही तो त्यांच्यासमोर ओढून दाखवा. आकडा सांगून मिस्त्रीला पटत नाही, मलाही पटला नसता. सारखेच दिसणारे दोन दांडे शेजारी शेजारी ओढून, एक लांबताना आणि एक तसाच उभा राहताना पाहिला, की दुकानात गेल्यावर तो डोक्यावरचा आकडा शोधील. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी देवास नाक्यावर व्हर्नियर घेऊन जावे, उस्तादांच्या भिंतीवरचा प्रत्येक कप मोजून त्याचे ड्रॉइंग करावे आणि त्याखाली उस्तादांचे नाव लिहावे, त्यांची परवानगी घेऊन. प्रोजेक्टसाठी दुसरीकडे विषय शोधायची गरज उरणार नाही.

गाडीमालकांना काय सांगू? मजुरी तुम्ही कामावर ठरवता, म्हणून मिस्त्री लवकर होणारी वाट धरतो, त्यात त्याचा काय दोष? गाडी लावण्यापूर्वी एवढे विचारा, की पुलर आहे का, आणि गॅस लावणार का. पुलर नसेल तर करायला आगाऊ पैसे द्या, पुढच्या कामात वळते करून घ्या. पूर्ण संचाची किंमत ट्रकच्या एका नव्या टायरपेक्षा पुष्कळ कमी पडते, आणि टायर झिजतो, संच वर्षानुवर्षे चालतो. ज्यांच्या पाच-सहा गाड्या आहेत त्यांनी संच स्वतःच्या नावाचा करून गॅरेजमध्ये ठेवावा. त्या संचाने दुसऱ्याची गाडी सुधारली तरी मनाला लावून घेऊ नये, घाटात ती गाडी तुमच्याच पुढे चालणार आहे.

ज्यांना संच करायचा आहे त्यांनी जवळच्या कोणत्याही चांगल्या टर्नरकडे जावे, माझ्याकडेच यावे असे नाही. जाताना ही मापे घेऊन जा. पाट्याची रुंदी पट्टीने न घेता व्हर्नियरने. बुशाचा बाहेरचा व्यास दोन दिशांनी, कारण तो वाटोळा राहिलेला नसतो. पिनचा व्यास तिच्या न झिजलेल्या टोकाला. हँगरच्या मागे चासीपर्यंत किती जागा मोकळी आहे, म्हणजे कप केवढा करायचा ते ठरते. जॅक कोणता आहे आणि त्याचा तळ किती रुंद आहे. आणि जुना बुश बरोबर न्या, तुकडे झालेला असला तरी. ग्रीसचे भोक कोणत्या जागी होते ते त्याच्यावरूनच कळते.

कळावे,
आपला,
एक टर्नर, लोहामंडी, इंदूर